अक्षरवारसा : मेरी शेली आणि तिची न पाहिलेली आई

इंग्रजी कादंबरीकार मेरी शेली हिचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट निवर्तली. आई गेली तेव्हा मुलगी अवघी अकरा दिवसांची होती. आईचा आवाज, स्पर्श, चेहरा यांपैकी कशाचीही आठवण तिच्यापाशी असणे शक्य नव्हते. तिच्या वाट्याला आलेली आई ही सर्वस्वी लिहिलेली आई होती : छापलेली पुस्तके, अपुरी राहिलेली हस्तलिखिते, भिंतीवरील एक तैलचित्र आणि थडग्यावर कोरलेली अक्षरे. या आईचा शोक तिने कसा केला, आणि तो करताना लिखित शब्दाच्या सामर्थ्याबरोबरच त्याची मर्यादाही तिच्या कशी प्रत्ययास आली, हे पाहिल्याखेरीज तिच्या जीवनाची संगती नीट लागत नाही. 'फ्रँकेन्स्टाइन' या एकाच कृतीच्या प्रखर प्रकाशात तिच्या चरित्राची ही बाजू पुष्कळदा झाकोळून जाते.

वारसा कोणता होता हे समजण्यासाठी प्रथम आईकडे वळले पाहिजे. मेरी वुलस्टनक्राफ्टचा जन्म २७ एप्रिल १७५९ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात झाला. मद्यपी व मारकुटा पिता, सोशिक माता, आणि उत्तरोत्तर खालावत जाणारी सांपत्तिक स्थिती असे तिचे बालपण गेले. १७८२ मध्ये आई वारली त्या वेळी धाकट्या मेरीनेच तिची शुश्रूषा केली होती. थोडा धीर धरावा, म्हणजे सारे संपेल, अशा आशयाचे आईचे अखेरचे उद्गार तिच्या मनात जन्मभर घर करून राहिले. पोटासाठी तिने सोबतीण म्हणून नोकरी केली, न्यूइंग्टन ग्रीन येथे शाळा चालवली, आयर्लंडमधील एका सरदार घराण्यात मुलींची शिक्षिका म्हणून काम केले, आणि अखेरीस लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. तिचे पहिले पुस्तक १७८७ साली प्रसिद्ध झाले. त्याचा विषय मुलींचे शिक्षण हा होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन' या ग्रंथाने तिचे नाव युरोपभर झाले. स्त्रीला बुद्धी आहे आणि ती बुद्धी वाढू न देणे हाच तिच्यावरील मूळ अन्याय होय, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ती क्रांतीने पेटलेल्या पॅरिसमध्ये गेली. तेथे गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन गृहस्थाशी तिचा संबंध जुळला आणि १७९४ मध्ये ल हाव्र येथे तिला पहिली मुलगी झाली. आपल्या दिवंगत मैत्रिणीच्या नावावरून तिने तिचे नाव फॅनी ठेवले. ती मैत्रीण फॅनी ब्लड १७८५ मध्ये लिस्बन येथे बाळंतपणातच वारली होती. इम्लेने प्रतारणा केल्यावर १७९५ साली वुलस्टनक्राफ्टने दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केला. या दोन प्रयत्नांच्या दरम्यान तान्ह्या फॅनीला सोबत घेऊन तिने स्कँडिनेव्हियाचा प्रवास केला आणि त्यातून १७९६ साली प्रसिद्ध झालेले प्रवासपत्रांचे पुस्तक निर्माण झाले. पुढे तत्त्वचिंतक विल्यम गॉडविन याच्याशी तिचा स्नेह वाढला. विवाहसंस्थेचे हे दोघेही टीकाकार होते. तरीही होणाऱ्या अपत्याचा विचार करून २९ मार्च १७९७ रोजी सेंट पँक्रसच्या चर्चमध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली.

या गर्भारपणाच्या काळात वुलस्टनक्राफ्टच्या मेजावर एक कादंबरी होती. 'द राँग्ज ऑफ वुमन' हे तिचे नाव. नायिका मराया हिला तिच्या नवऱ्याने मालमत्तेच्या लोभाने वेड्यांच्या इस्पितळात कोंडले आहे आणि तिची तान्ही मुलगी तिच्यापासून हिरावून घेतली आहे. आपण पुन्हा मुलीला भेटू की नाही याची शाश्वती नसल्यामुळे मराया कोठडीत बसून मुलीसाठी आपले आत्मचरित्र लिहिते. आपण भोगले ते मुलीने जाणावे, त्यातून तिने शहाणे व्हावे, आणि आईविना तिला जगाशी तोंड द्यावे लागले तर हे कागद तिच्या हाती असावेत, अशी त्यामागील भूमिका आहे. मरणाच्या सावलीतील मातेने कन्येसाठी लिहून ठेवावयाच्या वारशाची कल्पना लेखिका अशा रीतीने रंगवीत असताना तिच्या स्वतःच्या उदरात कन्या वाढत होती. कादंबरी पुरी झाली नाही. शेवट कसा करावा यासंबंधीची काही त्रोटक टाचणे तेवढी शिल्लक राहिली आणि ती परस्परांशी जुळतही नाहीत. त्यांपैकी एकात मराया अफूचा अर्क घेते, तेवढ्यात हरवलेली मुलगी तिच्यासमोर आणून उभी करण्यात येते, आणि या लेकरासाठी मी जगेन असा निश्चय करून ती परतते.

दुसरी अपुरी राहिलेली वही त्याहून साधी होती. लहान मुलीला शब्द, वाक्ये आणि घरातील रीती शिकवण्यासाठी आईने लिहिलेले ते छोटे छोटे पाठ होते. ते फॅनीसाठी होते. या पाठांत एका धाकट्या बाळाचाही उल्लेख येतो आणि त्याचे नाव विल्यम आहे. वुलस्टनक्राफ्ट आणि गॉडविन होणाऱ्या अपत्याचा उल्लेख आपसात याच नावाने करीत, कारण मुलगा होणार असे त्यांनी गृहीत धरले होते. यावरून हे पाठ १७९७ मधील असावेत असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर आईच्या हस्ताक्षरात धाकट्या मेरीचा प्रवेश झाला आहे, परंतु तो मुलाच्या नावाने आणि दुसऱ्या मुलीसाठी लिहिलेल्या वहीत.

३० ऑगस्टला कळा सुरू झाल्या तेव्हा वुलस्टनक्राफ्टने सुईणीला बोलावले आणि गॉडविनला तीन चिठ्ठ्या पाठवल्या. तिच्या हातचे उपलब्ध असलेले अखेरचे लेखन हेच. शेवटच्या चिठ्ठीत सर्व सुरळीत आहे आणि थोडा धीर धरावा लागेल असा मजकूर आहे. तिच्या आईच्या मरणशय्येवरील शब्द येथे जणू नकळत परत आले. रात्री अकराच्या पुढे मुलगी जन्मली. वार मात्र पडली नाही. डॉक्टरांना आणण्यात आले आणि त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी हाताने काढली. काही दिवसांत थंडी वाजून ताप भरला. हा सूतिकाज्वर होता. हा रोग सुईणी व वैद्य यांच्यामार्फत एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, असे ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या वैद्याने १७९५ मध्येच लिहून ठेवले होते; पण त्याचे कोणी ऐकले नाही. व्हिएन्नात सेमेलव्हाइसने हात धुण्याचा दंडक घातला तो १८४७ मध्ये. आईचे दूषित दूध बाळास देऊ नये म्हणून बाळाला दूर नेण्यात आले आणि दूध उतरविण्यासाठी तिच्या अंगाला कुत्र्याची पिले लावण्यात आली. दहा सप्टेंबरच्या सकाळी तिचा अंत झाला. रोजनिशीत काटेकोर नोंदी करणाऱ्या गॉडविनने त्या दिवशी केवळ वेळ लिहिली आणि पुढे रिकाम्या रेघा ओढल्या. अंत्यविधीलाही तो गेला नाही.

परंतु लगेचच तो लिहावयास बसला. १७९८ च्या आरंभीच त्याने पत्नीचे चरित्र प्रसिद्ध केले आणि तिच्या अप्रकाशित लेखनाचे चार खंडही छापले. त्या खंडांत अपुरी कादंबरी होती, फॅनीचे पाठ होते आणि इम्लेला लिहिलेली पत्रेही होती. चरित्रात त्याने काहीही लपवले नाही. इम्लेशी विवाहबाह्य संबंध, फॅनीचा जन्म, आत्महत्येचे प्रयत्न, स्वतःशी लग्नापूर्वी जुळलेला संबंध, आणि शेवटचे अकरा दिवस हे सारे त्याने तपशिलाने सांगितले. सत्य सांगणे हाच आदर होय, अशी त्याची श्रद्धा होती. परिणाम उलटा झाला. प्रतिगामी पत्रांना हवे ते हत्यार मिळाले. 'अँटी-जॅकोबिन रिव्ह्यू'च्या सूचीत तर वेश्यावृत्ती या शब्दाखाली वुलस्टनक्राफ्टचे नाव पाहावे असा निर्देश छापला गेला. तिचे विचार पुढील दोन पिढ्या उघडपणे उच्चारणेही कठीण झाले. मेलेल्या माणसाचे काय होते हे मागे राहिलेल्याच्या लेखणीवर किती अवलंबून असते, याचा हा पाठ होता. मुलगी तेव्हा पाळण्यात होती. पण या पाठाची फळे तिला जन्मभर चाखावी लागली.

आई मरण पावलेल्या घरात मुलांना तिच्या गोष्टी सांगणारी आजी, मावशी, आत्या कोणीतरी असते. गॉडविनच्या घरी हे काम पुस्तकांनी केले. जॉन ओपीने काढलेले वुलस्टनक्राफ्टचे तैलचित्र वडिलांच्या अभ्यासिकेत टांगलेले होते. सेंट पँक्रसच्या दफनभूमीत तिचे थडगे जवळच होते आणि त्यावरील अक्षरे गिरवीत मेरी आपले नाव लिहावयास शिकली असे परंपरेने सांगितले जाते. आई व मुलगी या दोघींचे नाव एकच असल्यामुळे आपले नाव वाचावयाचे म्हणजे आईचे थडगे वाचावयाचे, असा हा विलक्षण योग होता. १८०१ च्या डिसेंबरात गॉडविनने दुसरे लग्न केले. सावत्र आई मेरी जेन हिच्याशी मुलीचे जमले नाही, आणि जसजसे घर तिला परके होऊ लागले तसतशी दफनभूमीतील ती जागा तिच्या वाचनाची जागा झाली. आईची पुस्तके ती आईच्या थडग्याशेजारी बसून वाचीत असे.

१८१४ मध्ये कवी पर्सी बिश शेली याच्याशी तिचा परिचय वाढला तो याच ठिकाणी. दोघांच्या प्रेमाचा उच्चार थडग्यापाशी झाला. शेली विवाहित होता. जुलैच्या २८ तारखेला सोळा वर्षांची मेरी त्याच्याबरोबर युरोपात निघून गेली. सावत्र बहीण क्लेअर सोबत होती. प्रवासात त्यांनी वुलस्टनक्राफ्टची पुस्तके नेली होती आणि ऱ्हाइन नदीवरून परतताना स्कँडिनेव्हियातील पत्रे त्यांनी मोठ्याने वाचली. आईच्या विचारांप्रमाणे आपण वागत आहोत अशी मेरीची भावना असावी. पण ज्या पित्याने आईचे स्वातंत्र्य जगासमोर मांडले त्यानेच मुलीच्या या वर्तनासाठी दार बंद केले आणि १८१६ च्या अखेरीस विवाह होईपर्यंत ते उघडले नाही. पुस्तकातील आई मुलीला धैर्य देऊ शकत होती, पण पित्यापाशी तिची बाजू मांडू शकत नव्हती. २२ फेब्रुवारी १८१५ रोजी मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि ६ मार्चला ती दगावली. तिचे नावही ठेवले गेले नव्हते. काही दिवसांनी मेरीने आपल्या रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद केली : बाळ नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळताच ते जिवंत झाले, आणि जाग आल्यावर बाळ नव्हते.

या वारशाची खरी धनीण मात्र दुसरीच होती. फॅनी तीन वर्षांची असताना आई गेली. पाठांची वही तिच्यासाठी लिहिलेली होती. आईच्या प्रवासपत्रांतून तीच बाळ म्हणून डोकावते. गॉडविनच्या घरी मेरी सोडल्यास ती रक्ताच्या नात्याने कोणाचीच नव्हती, आणि गॉडविनच्या चरित्रामुळे तिच्या जन्माची कथा कोणालाही पुस्तकात वाचता येत होती. मेरी व क्लेअर निघून गेल्यावर कर्जात बुडालेले घर आणि पळून गेलेल्या बहिणी यांच्यामध्ये निरोप पोहोचविण्याचे काम तिच्याकडे आले. ऑक्टोबर १८१६ मध्ये कोणाला न सांगता ती लंडनहून निघाली आणि वेल्समधील स्वान्सी येथे एका खाणावळीत ९ तारखेच्या रात्री अफूचा अर्क घेऊन तिने जीवन संपवले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीवरील सही फाडून टाकलेली होती. ओळख पटण्यासारखी खूण अंगावरील कपड्यांवर होती : तिच्या चोळीवर आईच्या नावाची आद्याक्षरे होती. बभ्रा होऊ नये म्हणून गॉडविनने कोणी तेथे जाऊ नये असे कळवले आणि देह हक्क सांगण्यावाचून राहिला. मेरी त्या वेळी बाथ येथे होती. तिच्या रोजनिशीत सुतकी कपडे विकत घेतल्याची कोरडी नोंद आहे.

आईच्या कादंबरीतील त्या टाचणात मुलगी समोर येताच आई मरणाच्या दारातून परतते. फॅनीच्या बाबतीत समोर येणारे कोणी नव्हते. आईने तिच्यासाठी लिहिलेले शब्द छापील होते, जपलेले होते, हाताशी होते. ते तिला धरून ठेवू शकले नाहीत. मातेच्या लिखित वारशाविषयी बोलताना या बहिणीला वगळून चालत नाही. जिच्यासाठी लिहिले गेले ती वाचली नाही, आणि जिच्या जन्माची लेखिकेला नीटशी कल्पनाही नव्हती तिने त्या लेखनातून आपली वाट काढली.

ही वाट त्याच शरद ऋतूत आकार घेत होती. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराच्या काठी सुरू झालेली 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी मेरी बाथमध्ये लिहीत होती. १ जानेवारी १८१८ रोजी ती लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. एलेन मोअर्स या समीक्षिकेने १९७४ मध्ये या कादंबरीकडे प्रसूती आणि प्रसूतीनंतरचे भय यांची कथा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली, आणि तेव्हापासून हा विचार अनेकांनी पुढे नेला आहे. येथे एका वेगळ्या प्रसंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. शास्त्रज्ञाने निर्माण करून टाकून दिलेला तो जीव आईविना जन्मलेला आहे आणि त्याचे सारे शिक्षण वाचनातून होते. त्याला सापडलेल्या पुस्तकांत मिल्टन, प्लूटार्क आणि गटे आहेत. परंतु त्याच्या अंगावरील कोटाच्या खिशात आणखी काही कागद निघतात. त्याच्या निर्मात्याने त्याच्या जन्मापूर्वीच्या चार महिन्यांत लिहिलेली ती रोजनिशी असते. आपण कसे जन्मलो, आपल्याकडे पाहून निर्मात्याला कशी किळस आली, हे त्याला त्या कागदांवरून कळते. पित्याने लिहिलेल्या पुस्तकात आपल्या जन्माचा आणि त्यातून ओढवलेल्या मृत्यूचा तपशील वाचणारी मुलगी या प्रसंगामागे उभी आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये. कादंबरीत मारला जाणारा पहिला बालक विल्यम आहे. ते नाव मेरीच्या जन्मापूर्वी तिच्यासाठी ठरलेले, नंतर तिच्या सावत्र भावाला मिळालेले, आणि लेखनाच्या वेळी तिच्या मांडीवरील मुलाचेही होते. कथेला चौकट देणारी पत्रे ११ डिसेंबरला सुरू होऊन १२ सप्टेंबरला संपतात आणि ती जिला लिहिली आहेत त्या बहिणीच्या नावाची आद्याक्षरे मेरीच्या विवाहोत्तर नावाशी जुळतात. ॲन मेलर यांनी या नऊ महिन्यांचा संबंध मेरीचे गर्भवासाचे महिने आणि आईचा मृत्यू यांच्याशी जोडला आहे.

यानंतरची वर्षे मृत्यूंचीच होती. सप्टेंबर १८१८ मध्ये व्हेनिस येथे तान्ही क्लारा गेली. ७ जून १८१९ रोजी रोममध्ये विल्यम गेला. त्याच वर्षी मेरीने 'मटिल्डा' ही लघुकादंबरी लिहावयास घेतली. तिच्या नायिकेची आई तिला जन्म देऊन काही दिवसांतच वारलेली आहे, आणि आता स्वतः मरणाच्या दारात असलेली नायिका आपली कथा लिहून ठेवीत आहे. आईच्या अपुऱ्या कादंबरीतील मांडणी येथे फिरवून घेतली आहे : तेथे माता कन्येसाठी लिहीत होती, येथे मातृहीन कन्या लिहिते, आणि तिच्या मागे कन्या नाही. पित्याच्या निषिद्ध आसक्तीचा विषय त्यात असल्यामुळे १८२० मध्ये हस्तलिखित गॉडविनकडे गेले तेव्हा त्याने ते छापले नाही आणि वारंवार मागूनही परत केले नाही. ही कृती प्रसिद्ध झाली ती १९५९ मध्ये. पत्नीचे सर्व कागद निःसंकोचपणे छापणाऱ्या गृहस्थाने कन्येचा कागद मात्र दडवून ठेवला.

८ जुलै १८२२ रोजी शेली समुद्रात बुडाला. नोव्हेंबर १८१९ मध्ये फ्लॉरेन्स येथे जन्मलेला पर्सी हा एकुलता मुलगा तेवढा उरला. पंचविशीही न गाठलेल्या मेरीच्या हाती आता दुसऱ्या एका मृताची हस्तलिखिते होती आणि गॉडविन १७९७ च्या सप्टेंबरात ज्या ठिकाणी उभा होता तेथे ती येऊन पोहोचली होती. तिने त्याच्याहून वेगळा मार्ग पत्करला. १८२४ मध्ये तिने शेलीच्या अप्रकाशित कविता संपादून प्रसिद्ध केल्या; सासरे सर टिमथी यांनी त्या मागे घ्यावयास लावल्या, आणि नातवाच्या पोटगीसाठी शेलीचे चरित्र आपल्या हयातीत लिहू नये अशी अट घातली. १८३९ च्या चार खंडांच्या संग्रहात तिने चरित्र लिहिले नाही, परंतु कवितांना टिपा जोडल्या : ही कविता कोठे लिहिली, त्या वेळी कोण सोबत होते, हवा कशी होती. या टिपांतूनच पुढच्या पिढ्यांना शेली कळला. तिने त्यात पुष्कळ गाळले, पहिल्या पत्नीचे दुःख झाकले आणि शेलीला उजळ केले, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण पूर्ण सत्य छापल्याने एका मृत स्त्रीचे काय झाले, आणि एका जिवंत मुलीचे काय झाले, हे जिने पाहिले होते तिच्या संयमाला केवळ भीरुता म्हणता येत नाही.

आईविषयीही तिने असाच संयम पाळला. १८३१ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुधारित आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना आपण नामवंत साहित्यिक मातापित्यांची कन्या आहोत एवढेच तिने सांगितले, नाव घेतले नाही. ७ एप्रिल १८३६ रोजी गॉडविन वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे वुलस्टनक्राफ्टशेजारी पुरला गेला. त्याच्या चरित्राचे काम मेरीने हाती घेतले. त्यासाठी आईविषयीही काही पाने लिहिली. ते काम तिने पुरे केले नाही. मुलाच्या भवितव्याला पुन्हा त्याच वादळात लोटणे तिला नको होते, हे त्यामागचे एक कारण होते. आईचे ऋण तिने निराळ्या वाटेने मान्य केलेले दिसते. वुलस्टनक्राफ्टने हयातीत प्रसिद्ध केलेले शेवटचे पुस्तक म्हणजे मुलीला घेऊन केलेल्या प्रवासातील पत्रे. मेरीचे शेवटचे पुस्तक १८४४ मधले. तेही मुलाबरोबर जर्मनी व इटलीत केलेल्या प्रवासाची पत्रे होत. त्यात ती व्हेनिसला आणि रोमला, म्हणजे आपल्या मुलांच्या मृत्यूंच्या गावांना, परत जाते.

आपल्याकडे ऋण फेडण्याची जी कल्पना आहे तिच्यात मृतांचे नाव घेणे, त्यांना पाणी देणे आणि मग त्यांना मोकळे करणे या तिन्ही गोष्टी येतात. मेरी शेलीपाशी असा कोणताही विधी नव्हता. न पाहिलेल्या व्यक्तीचा शोक कसा करावयाचा याची रीत तिच्या समाजातही नव्हती, कारण शोक हा बहुधा आठवणीवर पोसला जातो. तिला जे करता आले ते दोन प्रकारचे होते : लिहिलेले पुन्हा पुन्हा वाचणे, आणि मृतांचे कागद जपणे. पहिल्यातून तिच्या कथांना त्यांची मूळ माणसे मिळाली. त्यांत मातृहीन मुले आहेत, वाचून शिकणारे एकाकी जीव आहेत, आणि मरताना आपली कथा लिहून ठेवणारी माणसे आहेत. १८२६ च्या 'द लास्ट मॅन'मध्ये तर सारी मानवजात नष्ट झाल्यावर उरलेला एकटा मनुष्य वाचणारे कोणी नसतानाही लिहितो. लिहिलेला शब्द कोणाच्या हाती पडेल याची खात्री नसते, तरी तो लिहावयाचाच, ही मरायाच्या कोठडीतील निष्ठा तिने त्या टोकापर्यंत नेली.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडनमध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मेरी शेलीचे देहावसान झाले. आईवडिलांशेजारी आपल्याला पुरावे अशी तिची इच्छा होती. सेंट पँक्रसची दफनभूमी तोवर गजबजून गेली होती. तेथे तिला ठेवणे पुत्र व सून यांना रुचले नाही. त्यांनी गॉडविन आणि वुलस्टनक्राफ्ट यांच्या शवपेट्या तेथून काढून बोर्नमथ येथील सेंट पीटर्स चर्चमध्ये आणल्या आणि मेरीला त्यांच्यालगत पुरले. पुढे १८६० च्या दशकात त्या जुन्या दफनभूमीतून रेल्वे काढण्यात आली आणि असंख्य थडगी हलली. अकरा दिवसांनी तुटलेला सहवास अशा रीतीने त्रेपन्न वर्षांनी, मुलाच्या हातून, पुन्हा जुळला. ज्या दगडावरची अक्षरे गिरवून मेरी आपले नाव शिकली असे सांगतात तो दगड मात्र सेंट पँक्रसमध्येच राहिला आहे. त्याखाली आता त्या दोघांपैकी कोणी नाही. स्वान्सीच्या फॅनीसाठी असा कोणताही दगड नाही.